वायडी लागलेला इंजिनिअर

दरवर्षी १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डे येतो. सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात, धरणं आणि पूल उभारणाऱ्या मोठ्या माणसांची नावं आपण ऐकतो. ते योग्यच आहे. पण मला या लेखात अशा एका इंजिनिअरविषयी लिहायचं आहे, ज्याने एकही पूल बांधला नाही, नोकरी जेमतेम वर्षभर केली आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. त्याचं नाव फ्योदोर दोस्तोयेव्हस्की. 'क्राइम अँड पनिशमेंट' आणि 'द ब्रदर्स कारामाझोव्ह' लिहिणारा रशियन कादंबरीकार. नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण हा माणूस रीतसर इंजिनिअरिंग शिकलेला होता, हॉस्टेलमध्ये राहिला होता आणि एका वर्षी नापासही झाला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्याच्याविषयी लिहिण्यामागे माझा थोडा स्वार्थ आहे. मला लेखिका व्हायचंय. हे वाक्य कागदावर लिहायला सोपं आहे, पण मेसमध्ये चार जणींसमोर म्हणायला अवघड. लगेच कुणीतरी विचारतं, मग इंजिनिअरिंगला कशाला आलीस? घरी विचारतात, मग नोकरीचं काय? त्यात माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं. शाळेच्या आवारात मराठी बोललं तर दंड भरावा लागायचा. त्यामुळे माझा विचार इंग्रजीत, भांडण मराठीत, आणि लिहायला बसलं की दोन्ही भाषा एकमेकींकडे बघत बसतात. अशा अवस्थेत मला एक सवय लागली. कुठल्याही मोठ्या लेखकाचं चरित्र हातात आलं की आधी पान उलटून बघायचं, की हा विसाव्या वर्षी काय करत होता? त्या शोधात आपल्या लायब्ररीत कॉन्स्टन्स गार्नेटने केलेलं 'क्राइम अँड पनिशमेंट'चं जुनं इंग्रजी भाषांतर हाती लागलं, आणि तिथून मी या माणसाच्या मागे लागले.

फ्योदोरचा जन्म १८२१ साली मॉस्कोत झाला. वडील गरिबांसाठी असलेल्या मारिन्स्की हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. हॉस्पिटलच्या आवारातच क्वार्टर्स, आणि सात मुलांमध्ये हा दुसरा. मोठा भाऊ मिखाइल आणि फ्योदोर दोघंही पुस्तकवेडे. संध्याकाळी घरात मोठ्याने वाचन चालायचं. १८३७ साली दोन घाव एकदम बसले. फेब्रुवारीत आई क्षयाने गेली, आणि त्याच सुमारास पुश्किन हा त्यांचा लाडका कवी द्वंद्वयुद्धात मारला गेल्याची बातमी आली. घरात आधीच आईचं सुतक होतं. ते नसतं तर पुश्किनसाठी आपण सुतक पाळलं असतं, असं पंधरा वर्षांचा फ्योदोर म्हणाल्याचं त्याच्या धाकट्या भावाने नोंदवून ठेवलंय.

पण वडिलांचा निर्णय झालेला होता. मुलांनी इंजिनिअर व्हायचं. सरकारी नोकरी, मान, पगार, पुढची चिंता नाही. हे आपल्याला अनोळखी नाही. फरक एवढाच की आपल्याकडे सीईटी असते आणि त्यांना पीटर्सबर्गला नेऊन एका कॅप्टनच्या क्लासमध्ये घातलं गेलं. मिखाइल तब्येतीच्या कारणावरून नाकारला गेला. त्याला दूर रेव्हालला, म्हणजे आजच्या टॅलिनला, पाठवलं. फ्योदोर निवडला गेला आणि जानेवारी १८३८ मध्ये लष्करी इंजिनिअरिंग स्कूलमध्ये दाखल झाला. दोघं भाऊ पहिल्यांदा वेगळे झाले. त्यानंतरची त्याची मिखाइलला लिहिलेली पत्रं हीच खरं तर त्याची पहिली लेखनाची वही.

स्कूल होतं मिखाइलोव्हस्की कॅसल नावाच्या राजवाड्यात. १८०१ साली झार पावेल पहिला याचा खून याच वाड्यात झाला होता. अशा जागी मुलांना तटबंदी, त्रिकोणमिती, बीजगणित, ड्रॉइंग आणि त्याच्या जोडीला तासन् तास परेड. रशियन आणि फ्रेंच साहित्याचेही तास असत, आणि फ्योदोरचं लक्ष तिथेच. बाकी विषयांत तो नेटाने अभ्यास करायचा, पण पहिल्याच वर्षाच्या शेवटी, १८३८ च्या शरद ऋतूत, त्याला वरच्या वर्गात घातलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर वायडी लागला. बीजगणिताच्या शिक्षकाची आपल्यावर खप्पामर्जी आहे, असं त्याने घरी कळवलं. ही सबब मी आमच्या मजल्यावर दर निकालाच्या दिवशी ऐकते. खरं काय होतं ते असो, पण तो या धक्क्याने आजारी पडला हे पत्रांवरून दिसतं.

पैशांची चणचण ही हॉस्टेलची दुसरी कायमची गोष्ट. १८३९ च्या उन्हाळ्यात कॅम्पला जायचं होतं. फ्योदोरने वडिलांना पत्र लिहून पैसे मागितले. स्वतःचा चहा हवा, बूट हवेत, पुस्तकं ठेवायला पेटी हवी. गंमत अशी की त्याच कॅम्पवर असलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने पुढे म्हातारपणी लिहून ठेवलं, की यातली एकही वस्तू गरजेची नव्हती, त्याचं स्वतःचं या तिन्हींशिवाय उत्तम चाललं होतं. फ्योदोरला फक्त इतर मुलांपेक्षा कमी दिसायचं नव्हतं. वडिलांची शेती तेव्हा डबघाईला आलेली. तरीही त्यांनी पैसे पाठवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जून १८३९ मध्ये, ते गावी वारले. आपल्याच भूदासांनी त्यांना मारलं अशी कुजबुज झाली, सरकारी कागदावर मात्र झटका असं कारण लागलं. फ्योदोर तेव्हा सतरा वर्षांचा होता. वडिलांचा खून हा विषय त्याच्या शेवटच्या कादंबरीचा कणा आहे, ही गोष्ट मला नंतर कळली आणि मी ते पत्राचं पान पुन्हा काढून वाचलं.

या सगळ्यात तो लिहायचा कधी? रात्री. स्कूलमधल्या एका ड्यूटी ऑफिसरने आठवणी लिहिल्यात. कोपऱ्यातल्या खोलीत, फोंतांका नदीकडे उघडणाऱ्या खिडकीशी एक छोटं टेबल होतं. सगळे झोपले की हा मुलगा आतल्या कपड्यांवर ब्लँकेट गुंडाळून तिथे बसायचा. खिडकीतून गार वारा यायचा. ऑफिसरने हटकलं की निमूट उठायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन बसायचा. रात्री दोन वाजता सबमिशनची शीट जीटी मारत बसलेल्या आपल्या मंडळींना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला काही कष्ट पडू नयेत. टेबल तेच, ब्लँकेट तेच, फक्त कागदावर काय चाललंय ते वेगळं.

आता माझा मूळ प्रश्न. विसाव्या वर्षी त्याने काय लिहिलं? १८४१ साली तो दोन ऐतिहासिक नाटकं लिहीत होता, 'मेरी स्टुअर्ट' आणि 'बोरिस गोदुनोव्ह'. दोन्ही विषय उसने. पहिल्यावर शिलरचं नाटक होतं आणि दुसऱ्यावर पुश्किनचं. त्यातले भाग त्याने भावाला वाचून दाखवले. आज त्यातली एक ओळही शिल्लक नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं, हे मान्य करायला हरकत नाही. जगातल्या मोठ्यात मोठ्या कादंबरीकारांपैकी एक माणूस विसाव्या वर्षी दुसऱ्यांच्या विषयांवर नाटकं लिहीत होता, आणि ती जपून ठेवावीत असं कुणालाच वाटलं नाही.

१८४३ मध्ये तो पास होऊन बाहेर पडला आणि पीटर्सबर्गच्या इंजिनिअरिंग खात्यात, ड्राफ्टिंगच्या विभागात लागला. त्याच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात, की त्याने एका किल्ल्याचा नकाशा काढला, त्यात आत जायला दरवाजाच नव्हता, आणि तो कागद थेट झार निकोलसच्या नजरेला पडून त्याची चांगलीच शोभा झाली. ही गोष्ट रचलेलीही असेल. पण नोकरीत त्याचं मन रमत नव्हतं एवढं खरं.

छापून आलेलं त्याचं पहिलं काम काय असावं? भाषांतर. बाल्झाकची 'युजेनी ग्रांदे' ही फ्रेंच कादंबरी त्याने रशियनमध्ये आणली आणि ती १८४४ साली मासिकात आली. इथे मी बराच वेळ थांबले. त्या काळच्या पीटर्सबर्गमध्ये वरच्या वर्गाची भाषा फ्रेंच होती. चांगल्या घरातले लोक फ्रेंचमध्ये पत्रं लिहीत, नोकराचाकरांशी रशियन बोलत. आपल्याकडे इंग्रजीचं जे झालंय तेच थोड्याफार फरकाने. रशियन गद्य तेव्हा तरुण होतं. फ्योदोरने शाळेत शिकलेली परकी भाषा फेकून दिली नाही, तिचा उपयोग स्वतःच्या भाषेला हात बसवायला केला. एकेक वाक्य उचलून आपल्या भाषेत ठेवताना आपल्या भाषेत काय आहे आणि काय नाही ते कळतं. तेव्हापासून मीही आठवड्याला एक पान इंग्रजीतून मराठीत करते. पहिल्या महिन्यात माझ्या मराठीच्या पानात इतके इंग्रजी शब्द यायचे की भाषांतर झालंय हे ओळखूही येऊ नये. आता जरा बरं आहे.

ऑक्टोबर १८४४ मध्ये त्याने राजीनामा दिला. पीटर्सबर्गबाहेर पाठवतील अशी चिन्हं होती, आणि शहर सोडायची त्याची तयारी नव्हती. वडिलांच्या इस्टेटीतला आपला वाटा त्याने थोड्या रोख रकमेवर सोडून दिला. त्याच्या चरित्रातली हीच जागा आमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त भुरळ घालते. नोकरी सोडली आणि लेखक झाला! हॉस्टेलच्या भिंतीवर पोस्टर लावावं असं वाक्य. पण पुढची वर्षं वाचली की ते पोस्टर काढून ठेवावंसं वाटतं.

राजीनाम्यानंतर तो ग्रिगोरोविच नावाच्या मित्राबरोबर खोली घेऊन राहिला. हाही त्याच इंजिनिअरिंग स्कूलचा, पण कोर्स अर्धवट सोडून आलेला. ग्रिगोरोविचने रस्त्यावर वाद्य वाजवणाऱ्या लोकांवर एक लेख लिहिला होता. वाद्य थांबतं आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाकलेलं नाणं वाजवणाऱ्याच्या पायाशी पडतं, असं त्यात होतं. फ्योदोरला ते कोरडं वाटलं. नुसतं पडतं काय, ते खणखणत, उड्या मारत पडलं पाहिजे, असं त्याने सुचवलं. ग्रिगोरोविच ही सूचना जन्मभर विसरला नाही. लिहिणाऱ्या कुणालाही एवढ्यात बरंच कळेल. फुकटचा आवाज नव्हे तो. नाण्याचा आवाज आला की फरशी येते, उंची येते आणि वाकून ते उचलणारा माणूसही येतो.

त्या काळात फ्योदोर स्वतः 'पुअर फोक' ही कादंबरी लिहीत होता. एक गरीब कारकून आणि समोरच्या घरात राहणारी एक मुलगी यांच्या पत्रांतून ती उलगडते. त्याने ती लिहिली, बदलली, पुन्हा उतरवली, पुन्हा बदलली. मे १८४५ मध्ये एकदाची पूर्ण झाली. ग्रिगोरोविचने हस्तलिखित कवी नेक्रासोव्हकडे नेलं. दहा पानं वाचून बघू म्हणून दोघं बसले आणि रात्रभरात संपवूनच उठले. पहाटे चार वाजता, पीटर्सबर्गच्या त्या उजेडाच्या रात्रीत, दोघं फ्योदोरच्या दारात हजर. त्या काळचा सर्वात दरारा असलेला समीक्षक बेलिन्स्की, त्यानेही वाचलं आणि तोंड भरून कौतुक केलं. जानेवारी १८४६ मध्ये कादंबरी छापून आली तेव्हा फ्योदोर चोवीस वर्षांचा होता.

इथे सिनेमा संपला असता. प्रत्यक्षात पुढच्याच महिन्यात 'द डबल' ही दुसरी कादंबरी आली आणि लोक कंटाळले. फ्योदोरच्या डोक्यात हवा गेली होती. सभा-बैठकांत तो ताठ वागायचा आणि कुणी काही बोललं की चिडायचा. तुर्गेनेव्ह आणि नेक्रासोव्हने मिळून त्याच्यावर टवाळीची कविता रचली. वर्षभरापूर्वी ज्यांनी पहाटे दार वाजवलं होतं, त्यांतलाच एक आता चेष्टा करत होता. बेलिन्स्कीही निराश झाला. मला वाटतं, लेखक व्हायचंय असं म्हणताना आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात ती पहाटे चारची थाप असते. मलाही ती हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आयुष्यात ती थाप एकदाच पडली, आणि तिने त्याला लिहायला शिकवलं नाही. शिकवणी अजून व्हायची होती.

१८४७ पासून तो पेत्राशेव्हस्की नावाच्या माणसाकडे शुक्रवारी जमणाऱ्या मंडळात जाऊ लागला. भूदासांची गुलामी, सेन्सॉरशिप, समाजवाद अशा विषयांवर चर्चा व्हायच्या. युरोपात १८४८ च्या क्रांत्या झाल्या होत्या आणि झारचं सरकार धास्तावलं होतं. एप्रिल १८४९ मध्ये एका पहाटे पोलिसांनी त्याला उचललं. मुख्य आरोप काय, तर बेलिन्स्कीचं गोगोलला लिहिलेलं बंदी असलेलं पत्र त्याने बैठकीत वाचून दाखवलं आणि सरकारला कळवलं नाही. आठ महिने किल्ल्यातल्या कोठडीत. २२ डिसेंबर १८४९ ला कडाक्याच्या थंडीत सगळ्यांना सेम्योनोव्ह चौकात आणलं, देहदंडाची शिक्षा वाचून दाखवली, पहिल्या तिघांना खांबांना बांधलं. फ्योदोर पुढच्या तुकडीत होता. बंदुका रोखल्या गेल्या आणि तेव्हा झारची माफी जाहीर झाली. सगळं आधीच ठरलेलं होतं. घाबरवण्यासाठी केलेला तो देखावा होता. त्या तिघांतला एक जण कायमचा वेडा झाला.

फ्योदोरला सैबेरियातल्या ओम्स्क इथे चार वर्षं सक्तमजुरी आणि नंतर साधा शिपाई म्हणून लष्करी चाकरी. पायात चार-पाच किलोच्या बेड्या, रात्रंदिवस. लिहायला बंदी. वाटेत तोबोल्स्कला काही जुन्या राजकैद्यांच्या बायकांनी बायबलचा नवा करार दिला, तेवढं एकच पुस्तक जवळ. बराकीत चोर, खुनी, दरोडेखोर. आणि एक गोष्ट त्याला सर्वांत जड गेली. हे कैदी त्याचा द्वेष करत. ज्या गरिबांविषयी कळवळून त्याने पहिली कादंबरी लिहिली, तीच माणसं त्याला उच्च वर्गातला म्हणून जवळ करत नव्हती.

तिथे त्याने काय केलं? ऐकलं. तुरुंगाच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने दया दाखवली, त्यामुळे तिथे असताना त्याला थोडं लिहून ठेवता आलं. ती वही आजही उपलब्ध आहे. त्यात ना कथा ना कविता. कैद्यांच्या तोंडचे शब्द, म्हणी, शिव्या, टोमणे, अर्धवट वाक्यं, अशा पाचशेच्या आसपास नोंदी. कोठल्याही शाळेत न शिकवलेली रशियन भाषा. सुटकेनंतर १८६१-६२ मध्ये 'नोट्स फ्रॉम द हाऊस ऑफ द डेड' हे पुस्तक आलं आणि त्यात या नोंदी जिवंत होऊन आल्या. पहिल्या कादंबरीत तो गरिबांची कीव करत होता. या पुस्तकात तो त्यांना माणूस म्हणून ओळखतो, त्यांच्यातल्या दुष्टपणासकट. हा फरक माझ्या मते चोवीस वर्षांच्या मुलाचा आणि चाळीस वर्षांच्या लेखकाचा आहे.

मी याचं अनुकरण केलंय, अर्थात बेडीशिवाय. माझ्याकडे एक छोटी वही आहे. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या हातातली बांगडी फुटली, तर त्या फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. मराठी घरांत वाढलेल्यांना यात काही विशेष वाटणार नाही. मला वाटलं, कारण मी ज्या भाषेत परीक्षा दिल्या त्या भाषेत वाईट गोष्ट उलटी करून बोलायची ही तऱ्हा नाही. एवढी वर्षं ही भाषा माझ्या घरात होती आणि मी तिच्याकडे फक्त बोलण्यापुरतं बघत होते. उशिरा आल्याचा एक फायदा असा, की इतरांना सवयीमुळे न दिसणाऱ्या गोष्टी मला दिसतात.

डिसेंबर १८५९ मध्ये, बरोबर दहा वर्षांनी, तो पीटर्सबर्गला परतला. सोबत फेफऱ्याचा आजार आला होता. पुढची काही वर्षं नुसती पडझड. भावाबरोबर काढलेलं 'टाइम' मासिक १८६३ मध्ये सरकारने बंद केलं. १८६४ मध्ये एप्रिलात बायको गेली, जुलैत मिखाइल गेला. भावाचं कर्ज आणि कुटुंब दोन्ही याने अंगावर घेतलं. त्यात जुगाराचं व्यसन. १८६५ साली स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाने त्याची कोंडी ओळखून तीन हजार रुबल देऊन एक करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं हा जे लिहील ते प्रकाशक फुकट छापणार.

याच दिवसांत तो 'क्राइम अँड पनिशमेंट' लिहीत होता. १८६५ च्या नोव्हेंबरमध्ये बरंच लिहून झालं होतं आणि त्याने ते सगळं जाळून टाकलं. डोक्यावर कर्ज, घरात पैसा नाही, आणि हा माणूस नव्याने सुरुवात करतो! कारण मांडणी चुकत होती. आधी खुनी स्वतःची गोष्ट सांगत होता, नंतर फ्योदोरने ती बाहेरून सांगणारा निवेदक आणला. आपण सगळं वाचतो ते हे दुसरं रूप. १८६६ मध्ये ती मासिकातून क्रमशः आली आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघू लागले. दोन वर्षांनी 'द इडियट'च्या वेळीही त्याने आधीचा मसुदा बाजूला टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. विसाव्या वर्षीची नाटकं हरवली होती. आता मात्र तो आपली पानं स्वतःच्या हाताने टाकत होता, आणि काय टाकायचं हे त्याला कळत होतं.

प्रकाशकाची मुदत उरली जेमतेम महिनाभर. ४ ऑक्टोबर १८६६ ला आना स्नित्किना नावाची लघुलेखन शिकलेली मुलगी त्याच्याकडे कामाला आली. वय वीस. म्हणजे माझ्याएवढीच. तो रात्री टिपणं काढायचा, दुपारी तिला सांगायचा, ती घरी जाऊन लघुलिपीतून स्वच्छ प्रत उतरवून आणायची. सव्वीस दिवसांत 'द गॅम्बलर' पूर्ण. मुदतीच्या दिवशी प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर. पण आनाने आधीच चौकशी करून ठेवली होती, त्यामुळे हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली, मुदत संपायच्या दोन तास आधी. जर्नल सबमिशनला सर जागेवर नसतात तेव्हा काय करावं याचा हा धडा.

पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं. सावकारांपासून वाचायला चार वर्षं परदेशात काढली. जिनिव्हात त्यांची पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. तो जुगारात आनाचे दागिने घालवायचा. १८७१ मध्ये ते व्यसन एकदाचं सुटलं. परत आल्यावर घराचा हिशेब आनाने हातात घेतला. १८७३ मध्ये 'डीमन्स' तिने स्वतः छापली आणि राहत्या घरातून विकली. साडेतीन हजार प्रती. चरित्रकार तिला एखाद्या प्रकरणात आटोपतात, पण मला वाटतं या गोष्टीतली सर्वांत चांगली प्रोजेक्ट मॅनेजर तीच. हेही सांगायला हवं, की फ्योदोर काही देवमाणूस नव्हता. ज्यू आणि पोलिश लोकांविषयी त्याने लिहिलेल्या काही गोष्टी आज वाचवत नाहीत. मोठा लेखक सगळ्याच बाबतीत मोठा असतो असं नाही.

१८७८ मध्ये तीन वर्षांचा मुलगा अल्योशा फेफऱ्यानेच गेला. त्या दुःखातून 'द ब्रदर्स कारामाझोव्ह' आली, आणि तिच्या नायकाचं नाव अल्योशा आहे. कादंबरी १८८० च्या अखेरीस पूर्ण झाली. जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे २८ जानेवारी १८८१ ला तो वारला. वय एकोणसाठ. अंत्ययात्रेला हजारो लोक होते, त्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने.

आता इंजिनिअरिंगचं काय झालं? वाया गेलं का? त्याच्या कादंबऱ्यांच्या कच्च्या वह्या टिकल्या आहेत आणि त्यांची पानं छापलेली बघायला मिळतात. मजकुराच्या आजूबाजूला त्याने गॉथिक कमानी आणि खिडक्या काढल्या आहेत, अगदी नेटक्या. शिकून वीस-पंचवीस वर्षं झाली तरी ड्रॉइंगचा हात गेला नव्हता. 'क्राइम अँड पनिशमेंट'चा नायक आपल्या खोलीपासून सावकारिणीच्या घरापर्यंतची पावलं मोजतो, ती बरोबर ७३० भरतात. कुठला जिना, कुठलं वळण, दाराला कडी कशी, सगळं मापात. माझ्या ब्रँचचे मित्र म्हणतील, हा तर सर्व्हेचा जर्नल झाला. मला वाटतं, शिकलेलं कुठे जात नाही, ते फक्त दुसऱ्या दाराने परत येतं.

मी स्वतःसाठी यातून काय घेतलं ते सांगून थांबते. राजीनाम्याच्या दिवशी कुणी लेखक होत नाही, तसंच डिग्री हातात असल्यामुळे कुणी लेखक व्हायचं राहतही नाही. म्हणून पुढच्या वर्षी कंपन्या येतील तेव्हा मी ॲप्टिट्यूड टेस्टला बसणार आहे, मनापासून. नोकरी लागली तर करणार आहे. घरच्यांनी फी भरताना काय काय बाजूला ठेवलं ते मला माहीत आहे, आणि चहा, बूट, पेटीचं ते पत्र मी विसरू शकत नाही. पण भाषांतराचं आठवड्याचं एक पान आणि ती छोटी वही चालू राहील, नोकरीच्या गावीही. आणि मराठीत लिहीन. इंग्रजी मला परीक्षेपुरती नीट येते, मराठी अजून शिकते आहे, आणि शिकत असताना लिहिण्यातच मजा आहे असं आता वाटायला लागलंय.

आपल्या हॉस्टेलमध्ये गादीखाली वही ठेवणाऱ्या माझ्यासारख्या आणखी काही जणी आणि जण आहेत, हे मला पक्कं माहीत आहे. मराठी विभागासाठी दरवर्षी लेख कमी पडतात, अशी आपल्या संपादक मंडळाची तक्रार असते. सबमिशनचा आठवडा संपला की वही बाहेर काढा. चांगलं नसेल तर पुन्हा लिहा.

– तृतीय वर्ष, मुलींचे वसतिगृह